एम.एस्सी.नंतर पुढे काय? : जीवविज्ञानातील पीएच.डी. आणि संशोधन अधिछात्रवृत्ती



आपली संस्था दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते. पुष्पगुच्छ, शब्दकोश आणि प्रमाणपत्र घेऊन मुले व्यासपीठावरून उतरतात, टाळ्या होतात, आईवडिलांचे डोळे भरून येतात. हा कार्यक्रम चालू राहिलाच पाहिजे. परंतु याच मुलांपैकी कोणी पुढे बी.एस्सी., एम.एस्सी. होते, तेव्हा आमच्याकडे पेढे घेऊन येते आणि जाताना हळूच विचारते, "आता पुढे काय करू?" आम्ही बहुधा बी.एड., बँकेची परीक्षा, स्पर्धा परीक्षा ही नेहमीची उत्तरे देतो. संशोधनाचे नाव सहसा आमच्या तोंडी येत नाही, कारण त्याची माहिती आम्हालाच नसते.

गेल्या वर्षी आमच्या एका सभासद बंधूंनी आपल्या मुलीबद्दल आम्हाला सरळच विचारले, "सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली. आता पीएच.डी. म्हणते. अजून पाच वर्षे मी तिला कुठून पोसू?" प्रश्न रास्त होता. ज्या घरात एकाच्या पगारावर सहा माणसे जेवतात, त्या घरात पंचविशीपर्यंत शिकणे हीच मोठी गोष्ट असते. या बंधूंना उत्तर देण्यासाठी आम्ही जी माहिती गोळा केली, ती सर्वांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे देत आहोत. उत्तर थोडक्यात असे की, जीवविज्ञानात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला घराने पोसावे लागत नाही. त्याने योग्य वेळी योग्य परीक्षा दिली, तर शासन त्याला दरमहा पैसे देते.

शिष्यवृत्ती आपल्याला नवीन नाही

परमपूज्य बाबासाहेबांचे उच्च शिक्षण शिष्यवृत्तीवरच झाले. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. या शिष्यवृत्तीला अट होती. शिक्षण झाल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांना लिहून द्यावा लागला. १९१६ साली ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. छत्रपती शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांचे साहाय्य मिळाले, तेव्हा कोठे १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले.

हा इतिहास आपण जयंतीच्या भाषणात नेहमी ऐकतो. विद्यार्थ्यांनी त्यातून एक व्यावहारिक गोष्टही लक्षात घ्यावी. शिष्यवृत्तीला मुदत असते, अटी असतात आणि मुदत संपली की काम कितीही महत्त्वाचे असले तरी पैसा थांबतो. म्हणून पैसा मिळवण्याइतकेच, मिळालेल्या मुदतीत काम पुरे करण्याचे नियोजन महत्त्वाचे आहे.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आपल्यापैकी कित्येकांची कॉलेजची फी याच शिष्यवृत्तीतून भरली गेली आहे. पुढची पायरी म्हणजे संशोधनाची अधिछात्रवृत्ती. पण तिथपर्यंत पोहोचणारे आपल्यात अजून थोडे आहेत.

जीवविज्ञानात पीएच.डी. म्हणजे नेमके काय?

वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान, आनुवंशिकी या सर्व विषयांना मिळून आपण येथे जीवविज्ञान म्हणत आहोत. पीएच.डी.मध्ये विद्यार्थी प्रथम एक सत्र किंवा त्याहून थोडा अधिक काळ काही ठरावीक अभ्यासक्रम पुरा करतो. नंतर मार्गदर्शकाच्या प्रयोगशाळेत एक प्रश्न हाती घेतो. ज्याचे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही, असा तो प्रश्न असतो. त्यावर प्रयोग करून, निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध करून, शेवटी प्रबंध लिहायचा असतो.

हे काम नोकरी सांभाळून फावल्या वेळात होण्यासारखे नाही. काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींना रविवार माहीत नसतो. त्यांचे खाद्यद्रव बदलायचे असेल तर दिवाळीतही प्रयोगशाळेत जावे लागते. एखादा प्रयोग सहा महिने चालतो आणि फसतो, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणूनच जगात बहुतेक ठिकाणी या विषयांच्या संशोधक विद्यार्थ्याला पूर्णवेळ निर्वाहभत्ता दिला जातो. हा भत्ता मेहेरबानी म्हणून मिळत नाही. विद्यार्थी करीत असलेल्या कामाचा तो मोबदला आहे, हे पालकांनीही समजून घ्यावे.

"या संशोधनाचा आपल्या माणसांना काय उपयोग?" असेही कोणी विचारतील. एकच उदाहरण देतो. विदर्भात आपल्या समाजातील व आदिवासी बांधवांतील अनेक कुटुंबांना सिकलसेल हा आजार ठाऊक आहे. रक्तातील हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या एका जनुकात फक्त एका अक्षराचा बदल झालेला असतो. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मूल वेदनेने तळमळते. २०२३ साली केंद्र सरकारने या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुकात दुरुस्ती करून सिकलसेलवर उपचार करणाऱ्या पद्धतीला मान्यता मिळाली. पण तो उपचार इतका महाग आहे की आपल्या वस्तीतील मुलापर्यंत तो पोहोचणे आज शक्य नाही. तो स्वस्त कसा होईल, आपल्या परिस्थितीत कसा देता येईल, या प्रश्नांची तळमळ ज्याने हा आजार स्वतःच्या घरात पाहिला त्याला अधिक असणार. असा विद्यार्थी प्रयोगशाळेत असायला हवा.

अधिछात्रवृत्ती किती व कशी?

सर्वांत महत्त्वाची म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती. विद्यार्थी तिला जे.आर.एफ. म्हणतात. १ जानेवारी २०२३ पासून तिचे दर दरमहा ३७,००० रुपये झाले. दोन वर्षांनंतर कामाचे मूल्यमापन होते आणि ते समाधानकारक ठरल्यास विद्यार्थी वरिष्ठ संशोधक होतो. मग त्याला दरमहा ४२,००० रुपये मिळतात. वसतिगृह नसेल तर शहराच्या वर्गाप्रमाणे घरभाडे भत्ता वेगळा मिळतो. पुस्तके, रसायने, प्रवास यांसाठी दरवर्षी काही आकस्मिक अनुदानही असते.

आमच्या त्या सभासद बंधूंना आम्ही कागदावर हिशेब मांडून दाखवला. पहिली दोन वर्षे ३७,००० प्रमाणे ८ लाख ८८ हजार. पुढील तीन वर्षे ४२,००० प्रमाणे १५ लाख १२ हजार. एकूण पाच वर्षांत २४ लाख रुपये आणि घरभाडे त्याशिवाय. ते बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे आम्हाला आधी कोणी सांगितलेच नाही." त्यांचे हे वाक्य आमच्या मनाला लागले, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

नेट परीक्षा

ही अधिछात्रवृत्ती मिळवण्याचा मुख्य मार्ग म्हणजे सी.एस.आय.आर. आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांची संयुक्त नेट परीक्षा. तिच्यात जीवविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. साधारणपणे ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. एम.एस्सी.ला ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ५० टक्के पुरतात. शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही बसता येते. वयाच्या मर्यादेत अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय, दिव्यांग आणि महिला यांना पाच वर्षांची सवलत आहे.

प्रश्नपत्रिका तीन तासांची व २०० गुणांची असते. तिचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात सामान्य बुद्धिमत्ता व गणित यांचे २० प्रश्न असतात, त्यांपैकी १५ सोडवायचे. दुसऱ्या भागात विषयाचे ५० प्रश्न, त्यांपैकी ३५. तिसऱ्या भागात ७५ प्रश्न, त्यांपैकी फक्त २५ सोडवायचे. मात्र हे प्रश्न प्रत्येकी चार गुणांचे असून विचार करायला लावणारे असतात. त्यांत प्रयोगाचा आलेख देतात आणि त्यावरून काय सिद्ध होते ते विचारतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात.

यावरून अभ्यासाची दिशा ठरते. अभ्यासक्रमात तेरा घटक आहेत. पण १४५ पैकी ७५ प्रश्नच सोडवायचे असल्याने तेराही घटकांवर प्रभुत्व असण्याची गरज नाही. सात-आठ घटक मुळापासून करावेत आणि बाकीच्यांची तोंडओळख ठेवावी. तिसरा भाग पाठांतराने सुटत नाही, म्हणून एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच प्रत्येक प्रयोगाला "हे असे का केले?" हा प्रश्न विचारण्याची सवय लावावी. प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते, मराठीत नसते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी याची धास्ती घेऊ नये. परंतु शास्त्रीय इंग्रजी रोज दोन पाने वाचायचा नेम तीन वर्षे आधी धरावा.

२०२४ पासून नेटच्या निकालात तीन वर्ग केले जातात. पहिल्या वर्गाला अधिछात्रवृत्ती व सहायक प्राध्यापकपदाची पात्रता, दुसऱ्याला प्राध्यापकपदाची पात्रता व पीएच.डी. प्रवेश, आणि तिसऱ्याला केवळ पीएच.डी. प्रवेशाची पात्रता. म्हणून निकालात नुसते 'उत्तीर्ण' पाहून थांबू नये, आपण कोणत्या वर्गात आहोत ते पाहावे.

याखेरीज केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची स्वतंत्र पात्रता परीक्षा आहे. गेट परीक्षेत जैवतंत्रज्ञान व जीवविज्ञान हे विषय घेता येतात. टाटा मूलभूत संशोधन संस्था व तिचे बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांच्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा होते. पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, आयसर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आघारकर संशोधन संस्था, राष्ट्रीय विषाणू संस्था; खारघरचे टाटा स्मारकाचे कर्करोग संशोधन केंद्र; नागपूरची नीरी; ही सर्व आपल्याच राज्यातील ठिकाणे आहेत. एकदा तरी आपल्या मुलांनी त्यांच्या आत पाऊल टाकावे.

अनुसूचित जातींसाठी असलेल्या योजना

जे.आर.एफ.च्या यादीत नाव आले नाही म्हणून सगळे संपत नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची अनुसूचित जातींसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. ती २००५-०६ साली राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती या नावाने सुरू झाली. तिच्यात दरवर्षी २,००० जागा ठेवलेल्या आहेत, त्यांपैकी ५०० विज्ञान शाखेसाठी. पूर्वी ती पदव्युत्तर परीक्षेच्या गुणांवर मिळे. आता निवड नेटच्या गुणवत्तेवर होते. म्हणजे नेटला बसल्याशिवाय हाही दरवाजा उघडत नाही.

राज्यात पुण्याच्या बार्टी संस्थेमार्फत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती दिली जाते. तिच्या जागांची संख्या आणि ती कोणत्या तारखेपासून लागू धरायची, यावरून गेल्या काही वर्षांत संशोधक विद्यार्थ्यांना आंदोलने करावी लागली. म्हणून गेल्या वर्षाच्या माहितीवर विसंबू नये, त्या त्या वर्षाची जाहिरात स्वतः वाचावी. एका वेळी दोन अधिछात्रवृत्त्या घेता येत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

परदेशी जायचे असेल तर केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असून तिच्या ७५ जागा आहेत. मात्र निवड झाली म्हणजे पैसे हाती पडले असे समजू नये. २०२५ साली केंद्राच्या योजनेत १०६ विद्यार्थी निवडले गेले, पण सुरुवातीला पत्रे फक्त ४० जणांना मिळाली. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास मिळतील असे सांगण्यात आले. अमेरिकेत तर जीवविज्ञानाच्या पीएच.डी.चा खर्च बहुधा विद्यापीठच उचलते, त्यामुळे तिकडे अर्ज करताना शासकीय शिष्यवृत्तीवरच सर्व भार टाकण्याचे कारण नाही.

प्रमाणपत्राचा घोळ

आता एका अत्यंत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाप्रमाणे केवळ हिंदू धर्मीयांनाच अनुसूचित जातीचे मानले जाई. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी आपण धम्मदीक्षा घेतली आणि केंद्राच्या सवलतींतून बाहेर पडलो. महाराष्ट्र शासनाने १९६० साली नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. परंतु केंद्राच्या सवलती १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाल्यावरच मिळाल्या. म्हणजे मधली ३४ वर्षे आपल्या कित्येक हुशार मुलांना केंद्राच्या संस्थांचे दरवाजे बंद होते.

कायदा बदलला तरी कागदाचा घोळ राहिला. केंद्राच्या यादीत जातींची नावे आहेत. 'बौद्ध' हे धर्माचे नाव असल्याने ते त्या यादीत नाही. त्यामुळे केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्रावर मूळ जातीचा उल्लेख असावा लागतो. आमच्या परिचयातील एका मुलीने जीवविज्ञानात जे.आर.एफ. मिळवली, एका नामांकित संस्थेत तिची निवडही झाली. कागदपत्रे तपासताना कळले की तिच्या दाखल्यावर फक्त 'बौद्ध' असे लिहिले आहे. केंद्राच्या नमुन्यातील दाखला आणायला सांगितले. कार्यालयात हेलपाटे घालण्यात सात आठवडे गेले, आणि तोवर प्रवेशाची मुदत टळून गेली. सुदैवाने अधिछात्रवृत्तीच्या पत्राची मुदत शिल्लक होती, म्हणून पुढच्या सत्रात तिला दुसरीकडे प्रवेश मिळाला. आज ती प्रबंध लिहीत आहे. पण सहा महिने आणि मनासारखी प्रयोगशाळा ती एका कागदापायी गमावून बसली. आणि आम्ही, जे तिचे शेजारी, आम्हालाही तिला वेळेवर सावध करता आले नाही.

म्हणून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातच राज्याच्या नमुन्यातील दाखला, केंद्राच्या नमुन्यातील दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र असे तिन्ही कागद तयार ठेवावेत.

वाटेतील अडचणी

केवळ गोड चित्र रंगवणे योग्य नव्हे. अधिछात्रवृत्तीचे पैसे दरमहा एक तारखेला येतीलच असे नाही. कधी तीन-चार महिने उशीर होतो. म्हणून पहिल्या पैशांतून चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवण्याची शिस्त हवी. दुसरे, अधिछात्रवृत्ती पाच वर्षांची असते, तर २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी. सहा वर्षांपर्यंत चालू शकते. महिला व दिव्यांग विद्यार्थ्यांना आणखी दोन वर्षे मिळू शकतात, पण तेवढ्या काळासाठी पैसे मिळत नाहीत. बाबासाहेबांवर १९१७ साली जी वेळ आली, ती आपल्यावर येऊ नये म्हणून चौथ्या वर्षापासूनच लेखन सुरू करावे.

तिसरी अडचण सांगायला कठीण, पण सर्वांत मोठी. मोठ्या संस्थेत आपला मुलगा किंवा मुलगी पुष्कळदा एकटी पडते. बरोबरीच्या मुलांचे वडील प्राध्यापक असतात, मामा अमेरिकेत असतो. प्रयोगशाळा म्हणजे काय हे त्यांना लहानपणापासून माहीत असते. आपल्या मुलाला मार्गदर्शकाकडे जाऊन "मला हे समजले नाही" म्हणायलाही धीर होत नाही. कोणी आरक्षणावरून टोमणा मारला तर ते घरी सांगत नाही. अशा वेळी विद्यापीठातील अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडे लेखी तक्रार करण्याचा अधिकार आहे आणि तो वापरावा. पण त्याच्याही आधी त्याला फोन करून "जेवलास का?" असे विचारणारे माणूस हवे. ते काम आपले आहे.

संस्थेने काय करावे?

आम्ही कार्यकारिणीपुढे काही सूचना ठेवल्या आहेत. गुणगौरव समारंभात दहावी-बारावीबरोबर बी.एस्सी. व एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनाही बोलवावे आणि त्या दिवशी एक तास केवळ पुढील शिक्षणाच्या माहितीसाठी ठेवावा. वाचनालयात नेटच्या जुन्या प्रश्नपत्रिका व जीवविज्ञानाची चार-पाच प्रमाण पुस्तके ठेवावीत. परीक्षेचे शुल्क व मुलाखतीचा प्रवासखर्च यासाठी छोटा फिरता निधी उभारावा. अधिछात्रवृत्ती मिळाल्यावर विद्यार्थ्याने तो परत करावा, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल. आणि दाखल्यांच्या कामासाठी, कचेरीची वाट माहीत असलेल्या आपल्या दोन निवृत्त सभासदांनी विद्यार्थ्यांबरोबर जावे.

सुरुवातीला ज्या बंधूंचा उल्लेख केला, त्यांच्या मुलीने यंदा नेटचा अर्ज भरला आहे. निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही. पण अर्ज भरण्याच्या दिवशी तिचे वडील स्वतः तिच्याबरोबर वाचनालयात आले होते. दाखल्यांची पिशवी त्यांच्याच हातात होती आणि तिच्यात तिन्ही कागद होते.

आपल्या प्रत्येक घरातील एम.एस्सी. झालेल्या मुलामुलींना अशीच सोबत मिळो, एवढेच आमचे मागणे.

जयभीम! नमो बुद्धाय!